दुसरी किल्ली

"कुलूप लावलं होतं साहेब. या हातानं लावलं होतं."

"कुठल्या हातानं?"

साहेबानं काही कुचेष्टेनं विचारलं नव्हतं. पण विचारून झालं आणि दोघांचीही नजर मिस्त्रीच्या डाव्या हाताकडं गेली. तिथली मधली दोन बोटं आता पेरभरच उरली होती. पट्टी निघाल्यापासून ती सोललेल्या उकडल्या बटाट्यासारखी गुळगुळीत दिसत.

"उजव्या," मिस्त्री म्हणाला. "उजव्यानंच लावतो. आणि ओढून बघतो. ओढल्याबिगर मी जागचा हलत नाही."

"मग गेलं कुठं? पाय फुटले त्याला?"

"ते मला काय ठाऊक? मी आत होतो. ही बघा किल्ली, अजून गळ्यात आहे."

त्यानं शर्टाच्या आतून काळ्या दोरीतली किल्ली बाहेर काढून दाखवली. साहेबानं ती लांबूनच पाहिली, जसं कुणी दुसऱ्याच्या घरच्या लग्नाचा फोटो पाहतं.

"मिस्त्री, किल्ली असली म्हणजे कुलूप असतंच असं नाही. माणूस विसरतो. वय होतं. तुम्हाला परत घेतलं हेच नशीब समजा. आता मशीनच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. नळ, दारं, दिवे बघत जा. मशीन तुमचे साडू सांभाळतील. घरातल्या घरातच राहिलं ना?"

मिस्त्रीनं किल्ली शर्टाच्या आत सोडली आणि तो जिना उतरला.

ही इमारत म्हणजे सगळी काच. बाहेरून बघावं तर आभाळच उभं केल्यासारखी. वरच्या मजल्यांवर दहा कंपन्यांची दहा ऑफिसं, माणसं उन्हाळ्यातही कोट घालून बसलेली. त्यांना कोट घालून बसता यावं म्हणून तळघरात एक धूड रात्रंदिवस घुमायचं. पत्र्याचं, खोलीएवढं. आत एक मोठा पंखा, बाजूला मोटर, आणि मोटरनं पंखा ओढावा म्हणून दोन चाकांवर चढवलेला रबरी पट्टा. सगळे त्याला ब्लोअर म्हणत. मिस्त्री त्याला 'म्हातारा' म्हणायचा. म्हातारा खोकला की मिस्त्रीला जिन्यातून कळायचं. पट्टा ढिला झाला, ग्रीस संपलं, की जाळीत धूळ बसली, ते खोकल्याच्या जातीवरून ओळखायचं. यात काही चमत्कार नाही. ज्याच्या दावणीला बैल, त्याला बैलाचं दुखणं कळतं.

त्याला हे काम शिकवलं ते एका उस्तादानं. उस्ताद दोन कानांपैकी एकानं बहिरा होता, आणि शिव्या मात्र दोन्ही कानांना पुरतील एवढ्या द्यायचा. पण त्यानं एक रीत अंगात भिनवली. मशीनच्या पोटात शिरायचं असेल तर आधी बाहेरच्या विजेच्या फळीवरचा खटका पाडायचा. खटक्याला भोक असतं, त्यात आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली आपल्या अंगावर. मग राजा आला तरी खटका वर होता कामा नये. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. "कुलूप म्हणजे तुझा जीव बाहेर टांगलाय असं समज," उस्ताद म्हणायचा. आणि नवं कुलूप आणलं की दोन किल्ल्यांतली एक तिथल्या तिथं शिकंज्यात धरून मोडून टाकायची. दुसऱ्या किल्लीचं कामच नाही. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली.

मिस्त्रीनं सगळं पाळलं. एवढंच पाळलं नाही.

चांगलं पितळी कुलूप, जड, हातात घेतलं की बरं वाटावं असं. बायकोनं त्यावर आपल्या नेलपॉलिशनं लाल ठिपका काढून दिला होता, दुसऱ्यांच्या कुलपांत मिसळायला नको म्हणून. त्याची धडधाकट किल्ली मोडायची? त्याच्या घरात फुटक्या बादलीला तळ लावून वापरायची पद्धत. वाकडा खिळासुद्धा सरळ करून डब्यात टाकायचा. त्याच्यानं किल्ली मोडवेना. तेव्हा नेमका साडू नवा नवा कामाला लागला होता. मिस्त्रीनंच लावला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हाताला काम नाही, तोंडाला मात्र साखर. त्याला पाना धरायला शिकवलं, पाठीशी घातलं, साहेबापुढं उभं केलं. मग एक दिवस दुसरी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडं. मी आत गचकलो, चक्कर आली, तर बाहेरून कुणीतरी आपलं माणूस पाहिजे."

"साडूभाऊ, तुमचा जीव माझ्या खिशात," साडू म्हणाला, आणि किल्ली कपाळाला लावली.

मिस्त्रीला बरं वाटलं होतं. उस्ताद असता तर त्यानं कानाखाली वाजवली असती. पण उस्ताद तोवर मातीत गेला होता.

त्या दिवशी वरच्या मोठ्या हॉलमध्ये बाहेरचे पाहुणे यायचे होते. म्हातारा सकाळपासून खोकत होता. मिस्त्रीनं जाऊन साहेबाला सांगितलं, पट्टा बदलावा लागेल, थोडा वेळ बंद ठेवतो, पाहुणे यायच्या आत चालू करतो. साहेबानं मान डोलावली. मिस्त्रीनं खटका पाडला, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. फळी बाहेरच्या बोळात, म्हातारा आतल्या खोलीत. एकीकडून दुसरीकडचं दिसत नाही. साडूला फळीपाशी उभं केलं. "इथनं हलू नकोस," म्हणाला आणि झडप उघडून आत शिरला.

नवा पट्टा चढवताना एक हात चाकावर ठेवावाच लागतो. डावा ठेवला होता. आणि म्हातारा फिरला.

त्यानंतरचं त्याला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आपणच ओरडतोय हे कळायला लागलेला वेळ. पुन्हा बंद झालेली मोटर. साडूनं पाठुंगळी घेऊन जिना चढवला तो. दवाखान्यात साडू इतका रडला, इतका रडला, की नर्सनं पाण्याचा पेला आधी त्यालाच दिला. मिस्त्रीला त्या हालतीतही वाटलं, अरे, बोटं माझी गेली की याची?

पट्टी बांधून झाल्यावर पहिला प्रश्न त्यानं तोच विचारला. "कुलूप कुणी काढलं?"

"कुलूप नव्हतंच साडूभाऊ," साडू म्हणाला. डोळे पुसत म्हणाला. "मी लघवीला गेलो होतो जरा. चुकलंच माझं. येऊन बघतो तर म्हातारा चालू. खटका कुणी वर केला माहीत नाही. कुलूप नव्हतं. तुम्ही... विसरला असाल. घाई होती."

"तुझी किल्ली?"

"ती तर केव्हाच हरवली. तुम्हाला सांगायला धजलो नाही. लेकराची शपथ."

लेकराची शपथ घेतल्यावर पुढं बोलायचं काय? मिस्त्रीनं डोळे मिटले.

आता इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर मिस्त्रीचं दुखणं कुणाला कळायचं नाही. बोटं गेल्याचं त्याला फार वाटलं नाही. या कामात बोटं जातात. दोन गेली, आठ राहिली. त्याला खाल्लं ते दुसऱ्याच किड्यानं. हळूहळू त्याला वाटायला लागलं, खरंच विसरलो असेन का? ज्या हातानं आयुष्यभर कुलूप ओढून पाहिलं, तो हातच खोटं बोलतोय का? आठवायला बसला की कुलूप ओढल्याचं आठवायचं, पण ते त्या दिवशीचं की आदल्या खेपेचं, की त्याच्याही आदल्या? सगळी कुलपं एकसारखी. मग तो घराच्या दाराला कुलूप लावायचा आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचा. ओढून बघायचा. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. गॅसची कळ बंद केली का बघायला उठायचा. बायको भांडी घासता घासता बघायची आणि पुन्हा भांड्यात तोंड घालायची.

त्याला कुणाकडून काही नको होतं. नुकसानभरपाई नको, माफी नको. एकानं कुणीतरी म्हणावं, 'लावलं होतं तू कुलूप', एवढंच. मग बाकी सगळं त्यानं गिळलं असतं.

कामावर गेला तर गेटवरचा वॉचमन रोज हसून विचारायचा, "काय मिस्त्री, कुलूप सापडलं का?"

"सापडलं की आधी तुझ्या तोंडाला लावतो."

"अन् किल्ली?"

"तुझ्या बायकोला देतो. घरात शांतता तरी होईल."

वॉचमन पोट धरून हसायचा. मिस्त्रीही हसायचा. पण कॉरिडॉरमध्ये वळला की हसू तिथंच गळून पडायचं. दिवसभर वरच्या मजल्यांवर बिजागऱ्यांना तेल घाल, टपकणारे नळ कस, संडासातल्या टाक्यांची साखळी बसव. एका बाईंची खुर्ची कुरकुरायची, ती बरी केली तर त्या म्हणाल्या, "तुमच्या बाई हातात जादू आहे." त्यानं डावा हात पाठीमागं धरला.

तळघराच्या जिन्यावरून जाताना म्हाताऱ्याचा आवाज यायचा. साडूनं पट्टा फार ताणून बसवला होता. म्हातारा कण्हत होता. असा ताणलेला पट्टा फार दिवस टिकत नाही, हे मिस्त्रीला कळत होतं. एकदा त्यानं जिन्यातूनच सांगितलंही, "जरा ढिला कर रे." साडू खालून म्हणाला, "करतो, करतो साडूभाऊ, तुम्ही नका ताप घेऊ डोक्याला." केला नाही. आता तोच हेडमिस्त्री झाला होता. खिशाला पेन लावायचा. त्या पेनानं काय लिहायचा ते त्याचं त्यालाच माहीत.

सुट्टीच्या दिवशी साळीचा, म्हणजे साडूच्या बायकोचा, निरोप आला. गच्चीवरची पाण्याची टाकी वाहतेय, खालचे भांडायला येतात, दाजींना म्हणावं जरा बघून जा. घरात स्वतः मिस्त्री असलेला नवरा, पण त्याला गच्चीवर चढायला सांगा, लगेच गुडघा दुखतो. दोन्ही घरचे नळ आणि वायरी मिस्त्रीच बघायचा. जावई कमी, प्लंबर जास्त. बायको म्हणाली, "मी नाही येत, डोकं धरलंय."

साडू घरी नव्हता. साळीनं चहा ठेवला आणि किल्ल्यांचा जुडगा पुढं केला.

"टाकीला कुलूप घातलंय दाजी. वरची पोरं झाकण उघडून दगड टाकतात. ही घ्या, ही छोटी पिवळी किल्ली."

मिस्त्री गच्चीवर चढला. वाळत घातलेल्या चादरी बाजूला करत टाकीपाशी गेला. आणि उभाच राहिला.

झाकणाच्या कडीत पितळी कुलूप. ऊन-पाण्यानं काळवंडलेलं. खाली, पोटाला, लाल ठिपका. अर्धा उडालेला, पण लालच.

 मग साळीनं दिलेला जुडगा त्यानं टाकीवर ठेवला. गळ्यातली दोरी काढली. आपली किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप असं उघडलं, जसं रोज उघडत होतं.

पहिल्यांदा त्याला हसूच आलं. लावलं होतं! अरे, लावलं होतं की मी! त्या एवढ्याशा आनंदात तो टाकीला टेकला. आणि मग मागून, एकेक पायरी चढत यावं तसं, बाकीचं सगळं वर आलं. साडूची किल्ली हरवली नव्हती. साडूच्या लेकराची शपथ. नर्सनं दिलेला तो पाण्याचा पेला.

कुलूप काढल्यावर साडूनं ते फेकलं का नाही, हे मिस्त्रीला विचार न करताच कळलं. फेकवलं नसेल. चांगलं पितळी कुलूप. पिशवीत टाकून घरी आणलं असेल, साळीनं पिशवी झाडताना काढलं असेल आणि टाकीला लावलं असेल. गच्चीवर तो कशाला चढतोय! मिस्त्रीच्यानं किल्ली मोडवली नाही, त्याच्यानं कुलूप फेकवलं नाही. साडू शोभतात खरे.

टाकीतला रबरी वॉशर झिजला होता. त्यानं तो बदलला, पाणी थांबलंय हे पाहिलं, मग झाकणाच्या कडीत जाड तार पिळून बसवली. काम अर्धवट टाकून उतरायची त्याला सवय नव्हती. जुडग्यातून पिवळी किल्ली काढून घेतली.

"तार कशाला दाजी? कुलूप?"

"हे कामावरचं आहे."

"अय्या! मला काय माहीत. यांच्या पिशवीत किल्लीसकट पडलं होतं." साळी खरंच गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मग ती सहज म्हणून बोलून गेली, "ताई पण मागं आली होती तेव्हा कपडे काढायला वर गेली, तर या कुलपाकडंच बघत बसली होती. मी म्हटलं, काय झालं ग? तर म्हणाली, काही नाही, ऊन लागलं."

चहा निवत होता. मिस्त्रीनं तो एका घोटात पिऊन टाकला.

घरी आला. बायको भाजी निवडत बसली होती. डोकंबिकं काही धरलं नव्हतं. त्यानं कुलूप तिच्यापुढं जमिनीवर ठेवलं. तिनं बघितलं. आणि कुठं सापडलं, असं विचारलं नाही.

एवढं पुरलं.

"कधीपासून माहीत होतं?"

ती पालेभाजीची एकेक काडी खुडत राहिली.

"तू लावलेला ठिपका आहे तो. ओळखलास ना?"

"ओळखला."

"मग?"

"मग काय?" ती एकदम उसळली. "मी सांगितलं असतं तर तुमची बोटं उगवली असती का? त्याची नोकरी गेली असती. माझी बहीण दोन लेकरं घेऊन कुणाच्या दारात उभी राहिली असती? आपल्याच ना?"

"बोटांचं कोण बोलतंय?"

"मग कशाचं बोलताय?"

मिस्त्रीनं दाराकडं बोट दाखवलं. "मी रोज गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होतो. कुलूप ओढून बघत होतो. येड्यासारखा. आणि तू बघत होतीस."

तिच्या हातातली काडी हातातच राहिली.

"मला वाटलं जाईल हळूहळू," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"वेडच गेलं असतं, की मी?"

 तिनं रात्रीचं जेवण वाढलं, तो जेवला. भांडणात ताटावर राग काढायचा नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. पण पाणी त्यानं स्वतः उठून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणतात.  चावलेल्या ओठांनी तक्रार करायची कुणाकडं?

दुसऱ्या दिवशी तो थेट तळघरात उतरला. मनाई होती तरी उतरला. साडू कामाच्या टेबलावर बसून चहा पीत होता. मिस्त्रीनं कुलूप आणि दोन्ही किल्ल्या त्याच्यापुढं ठेवल्या.

साडूचा कप तोंडापाशीच थांबला. "कुठं..."

"तुझ्या टाकीवर."

साडूनं कप खाली ठेवला. चहा हिंदकळला. "साडूभाऊ, मी हाक मारली होती. आधी हाक मारली होती. देवाशपथ."

"आधी लेकराची घेतलीस, आता देवाची. राहिलं कोण?"

"तुम्ही ओ दिली नाही, मला वाटलं बाहेर आलात..."

"किल्ली माझ्या गळ्यात. कुलूप खटक्याला. मग मी बाहेर कसा आलो? भिंतीतून?"

साडू रडायच्या बेतात आला. मिस्त्रीनं हात वर केला. "रडू नको. इथं नर्स नाही पाणी द्यायला. सरळ बोल."

मग तो सरळ बोलला. बोलला म्हणजे ओकला. पाहुणे लवकर आले. हॉल तापला. साहेब धावत खाली आला, म्हणाला, चालू कर. मी म्हटलं, साडूभाऊ आत आहेत, त्यांचं कुलूप आहे. तर म्हणाला, तुझ्याकडं किल्ली आहे ना? काढ. तो आला असेल बाहेर, माझी जबाबदारी.

"साहेबाला काय माहीत तुझ्याकडं किल्ली आहे ते?"

साडूनं मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं कधीतरी. फुशारकी मारायला. म्हटलं, साडूभाऊंचा माझ्यावर इतका भरवसा आहे, की त्यांच्या कुलपाची किल्ली माझ्याकडं असते."

  भरवसा खोटा असता तर बरं झालं असतं. तो खरा होता, म्हणूनच ती किल्ली तिथं होती.

"आणि मग?"

"मग साहेबच म्हणाला, कुलूप खिशात घाल, कुणाला दाखवू नको. बाकीचं मी बघतो. आणि... तुमची जागा मला देतो म्हणाला."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. 'पाय फुटले त्याला?' असं विचारणाऱ्यालाही माहीत होतं की पाय कुणाचे होते. एकट्या मिस्त्रीलाच माहीत नव्हतं की त्यानं कुलूप लावलं होतं.

एवढ्यात आतल्या खोलीतून फट्कन आवाज आला. पाठोपाठ पत्र्यावर चाबूक बसावा तसे दोन-तीन फटके. मग मोटर मोकळीच भणभणायला लागली. पट्टा तुटला होता. ताणून ताणून तुटला होता. साडूनं धावत जाऊन खटका पाडला.

थोड्या वेळानं साहेब आला. कपाळावर घाम. वरचे लोक आता कोट काढून बसले असणार. त्यानं साडूकडं पाहिलं, साडूनं जमिनीकडं. मग साहेब मिस्त्रीकडं वळला.

"मिस्त्री, आलाच आहात तर तेवढं बघून घ्या. आजचा दिवस."

मिस्त्रीनं टेबलावरचं कुलूप उचललं. साहेबानं ते पाहिलं. लाल ठिपका पाहिला.  "नवं घेतलंत का?"

"जुनंच आहे."

 मिस्त्रीनं दोन किल्ल्यांतली एक शिकंज्यात धरली, दांडा फिरवून घट्ट केला आणि पकडीनं एक हिसका दिला. पितळ कडकन मोडलं. अर्धा तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला, वाकड्या खिळ्यांत नाही, भंगारात. उरलेला शिकंज्यातून काढून तोही टाकला. साडू डब्याकडं बघत राहिला.

मग मिस्त्री फळीपाशी गेला. खटका खालीच होता. त्यानं भोकात कुलूप घातलं, दाबलं आणि ओढून पाहिलं. एकदाच.

"आता दोघं इकडं या," तो म्हणाला. "बघा. आणि मोठ्यानं म्हणा, कुलूप लावलंय."

"हा काय पोरखेळ आहे मिस्त्री?" साहेब म्हणाला. "वर लोक खोळंबलेत."

"खोळंबलेत ना? मग म्हणा. त्याबिगर मी आत जात नाही. पाहिजे तर तुमचा हेडमिस्त्री पाठवा आत. मी बाहेर फळीपाशी थांबतो."

साडूचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्रीनं ते पाहिलं, आणि साहेबानंही. साहेबानं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं, आणि इलाज नाही म्हणून खाकरला.

"कुलूप लावलंय," साहेब म्हणाला.

"तू."

साडूनं साहेबाकडं पाहिलं.  मिस्त्री थांबला. घाई त्याला नव्हती.

"कुलूप लावलंय, साडूभाऊ," साडू अखेर म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "त्या दिवशी पण लावलं होतं."

साहेब झटक्यात वळून जिना चढायला लागला.

मिस्त्रीनं किल्ली गळ्यात घातली, शर्टाच्या आत सोडली. माफ केलं का, तर नाही. पुढं दोन्ही घरांचं काय, साहेबाचं काय, बायकोशी आज रात्री काय बोलायचं, यातलं काहीच ठरलं नव्हतं. पण म्हातारा बंद पडला होता.

त्यानं झडप उघडली. आतून तापलेल्या ग्रीसचा ओळखीचा वास आला. तुटलेला पट्टा मेलेल्या सापासारखा तळाशी पडला होता. बॅटरी पत्र्याच्या कडेवर टेकवून तो आत सरकला, डावा हात चाकावर ठेवला आणि उजवा झडपेतून मागं काढला.

"मोठा पाना दे," तो आतून म्हणाला. "अन् बोळात जाऊन उभा राहू नको. इथं, मला दिसशील असा थांब."

पाना हातात आला. त्यानं पहिला बोल्ट ढिला करायला घेतला.